अभिव्यक्तिपर अक्षरमांडणी

अभिव्यक्तिपर अक्षरमांडणी ही मुद्राक्षरकलेची, म्हणजेच टायपोग्राफीची, एक शाखा आहे. या शाखेत अक्षरांचा आकार, जाडी, कल, अंतर आणि पानावरील जागा यांच्याद्वारे मजकुराचा अर्थ, आवाज किंवा भाव दृश्य रूपात मांडला जातो. सर्वसाधारण पुस्तकी मांडणीत अक्षरांनी स्वतःकडे लक्ष वेधून न घेता वाचकाला आशयापर्यंत पोहोचवावे, अशी अपेक्षा असते. अभिव्यक्तिपर मांडणीत मात्र अक्षर स्वतःच आशयाचा भाग होते. तिच्या टोकाच्या प्रकारात ओळी तिरक्या होतात, शब्द एकमेकांवर चढतात, अक्षरे तुटतात किंवा पानाबाहेर जातात. या प्रकाराला गोंधळसदृश किंवा विस्कळीत अक्षरमांडणी असेही म्हटले जाते.

अशी मांडणी पाहताना ती सहज किंवा अपघाताने झाली असावी, असा समज होतो. प्रत्यक्षात तिचे बहुतेक महत्त्वाचे नमुने एकापाठोपाठ केलेल्या अनेक खर्ड्यांतून घडलेले आहेत. स्तेफान मालार्मे यांच्या 'अं कू द दे' या फ्रेंच कवितेची दुरुस्त केलेली मुद्रिते (प्रुफे) हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय.

स्वरूप

कोणत्याही मुद्रित पानावर दोन प्रकारची माहिती असते. शब्दांचा अर्थ ही पहिली आणि शब्दांच्या मांडणीतून मिळणारी सूचना ही दुसरी. मथळा मोठ्या अक्षरात असला की तो आधी वाचायचा आहे, हे वाचकाला न सांगता कळते. परिच्छेदाच्या आरंभी सोडलेली जागा नवा मुद्दा सुरू झाल्याचे सुचवते. अभिव्यक्तिपर मांडणी या दुसऱ्या प्रकारच्या माहितीचा विस्तार करते. मोठे अक्षर म्हणजे मोठा आवाज, दोन शब्दांमधील रिकामी जागा म्हणजे शांतता, तिरकी ओळ म्हणजे वेग किंवा पडणे, आणि एकमेकांवर छापलेले शब्द म्हणजे एकाच वेळी बोलणारी माणसे, असे संकेत ती वापरते.

या मांडणीत पुढील साधने प्रामुख्याने वापरली जातात:

आकारभेद – एकाच पानावर अतिशय लहान व अतिशय मोठी अक्षरे.
जाडी व वळणातील भेद – ठळक, बारीक, सरळ, तिरप्या अक्षरांचे मिश्रण.
अंतर – अक्षरे, शब्द आणि ओळी यांच्यातील जागा वाढवणे किंवा नाहीशी करणे.
दिशा – ओळी फिरवणे, वळवणे, उभ्या लावणे.
आच्छादन – एका शब्दावर दुसरा शब्द छापणे.
छेद – अक्षराचा काही भाग कापणे, पुसट करणे किंवा कागदाच्या कडेबाहेर नेणे.
रिकामी जागा – मजकुराच्या भोवतालचा कोरा भाग मांडणीचा घटक म्हणून योजणे.

विस्कळीतपणा आणि अव्यवस्था यांत फरक आहे. अव्यवस्थित पानावर प्रत्येक घटक सारख्याच जोराने लक्ष मागतो, त्यामुळे डोळ्याला कोठून सुरुवात करावी हे कळत नाही. यशस्वी विस्कळीत मांडणीत किमान एक सूत्र अबाधित ठेवलेले असते. कधी ते एकच अक्षरवळण असते, कधी एक आडवी रेषा, तर कधी एकच मोठा शब्द असतो. इतर सर्व गोष्टी बिघडवता येतात त्या या सूत्राच्या आधारावर. कोणते सूत्र राखायचे आणि काय मोडायचे, याचा शोध हेच खर्ड्यांचे मुख्य काम असते.

इतिहास

मालार्मे यांची मुद्रिते

फ्रेंच कवी स्तेफान मालार्मे (१८४२–१८९८) यांची 'अं कू द दे' ही दीर्घ कविता मे १८९७ मध्ये 'कॉस्मोपोलिस' या नियतकालिकात प्रथम प्रसिद्ध झाली. फाशांची फेक आणि योगायोग हा तिचा विषय असून बुडणाऱ्या जहाजाची प्रतिमा तिच्यात मध्यवर्ती आहे. मालार्मे यांना समोरासमोरची दोन पाने मिळून एकच पट मानायचा होता, म्हणजे ओळ डाव्या पानावर सुरू होऊन मधली घडी ओलांडून उजव्या पानावर जाऊ शकली असती. नियतकालिकाच्या आकारात ते शक्य नव्हते. त्यामुळे तेथे एकेका पानाचा स्वतंत्र विचार करून कविता छापली गेली. तिच्यासोबतच्या प्रस्तावनेत मालार्मे यांनी कोऱ्या जागेचे महत्त्व सांगितले होते, आणि मोठ्याने वाचू इच्छिणाऱ्याला ही मांडणी संगीताच्या स्वरलेखनासारखी उपयोगी पडेल, असे सुचवले होते.

त्याच वर्षी कलाविक्रेते व प्रकाशक आंब्रुआझ व्होलार यांच्यासाठी या कवितेची मोठ्या आकाराची स्वतंत्र आवृत्ती तयार करण्याचे काम सुरू झाले. चित्रकार ओदिलाँ रदाँ यांची शिलामुद्रित चित्रे तिच्यात असणार होती, आणि छपाईचे काम फर्मँ-दिदो या मुद्रणालयाकडे होते. मजकूर अकरा जोडपानांवर विभागला होता. मालार्मे यांनी या आवृत्तीच्या मुद्रितांचे अनेक संच तपासले व हाताने दुरुस्त केले. हे संच आज संग्रहांत जतन केलेले असून त्यांवरील खुणांवरून त्यांच्या कामाची पद्धत कळते. एखादा शब्द किंचित डावीकडे सरकवणे, दोन ओळींमधील अंतर बदलणे, एखाद्या अक्षराचे वळण बदलण्याची सूचना देणे, अशा बारीक दुरुस्त्या त्यांत आहेत. कवितेचे मुख्य वाक्य सर्वांत मोठ्या अक्षरांत असून ते अनेक जोडपानांवर विखुरलेले आहे. त्याच्या अवतीभोवती लहान अक्षरांतील उपवाक्ये शाखांप्रमाणे फुटतात. पानावर विखुरलेले वाटणारे शब्द अशा रीतीने आकारांच्या काटेकोर श्रेणीने बांधलेले आहेत. कवितेचा विषय योगायोग असला, तरी तिच्या पानांवर योगायोगाला फारशी जागा ठेवलेली नाही.

९ सप्टेंबर १८९८ रोजी मालार्मे यांचे निधन झाले आणि नियोजित आवृत्ती प्रसिद्ध होऊ शकली नाही. त्यांचे जावई एदमाँ बोनिओ यांच्या देखरेखीखाली १९१४ मध्ये कविता पुस्तकरूपाने निघाली. तिच्यात जोडपानांची मांडणी पाळली गेली, परंतु मालार्मे यांनी निवडलेल्या दिदो वळणाऐवजी निराळे अक्षरवळण वापरले गेले. त्यामुळे कवीला अभिप्रेत असलेले रूप समजून घेण्यासाठी अभ्यासकांना छापील पुस्तकाइतकेच त्या दुरुस्त मुद्रितांकडेही वळावे लागते. बेल्जियन कलावंत मार्सेल ब्रूडथार्स यांनी १९६९ मध्ये या कवितेच्या सर्व ओळींच्या जागी काळ्या पट्ट्या छापून एक कलाकृती तयार केली. शब्द काढून टाकल्यावरही कविता तिच्या मांडणीवरून ओळखता येते, हे त्यातून दिसून आले.

भविष्यवाद आणि दादावाद

इटालियन भविष्यवादाचे प्रणेते फिलिप्पो तोम्मासो मारिनेत्ती यांनी १९१३ मधील आपल्या जाहीरनाम्यात अक्षरमांडणीतील क्रांतीचा पुरस्कार केला. गरज पडल्यास एकाच पानावर तीन-चार रंगांच्या शाया आणि वीसपर्यंत अक्षरवळणे वापरावीत, वेगवान संवेदनांसाठी तिरपी तर ध्वन्यनुकारी शब्दांसाठी ठळक अक्षरे योजावीत, असे त्यांचे म्हणणे होते. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे 'झांग तुंब तुंब' हे पुस्तक पहिल्या बाल्कन युद्धातील आड्रियानोपलच्या वेढ्यावर आधारलेले आहे. तोफांचे आवाज, तारसंदेश आणि आदेश त्यात निरनिराळ्या आकारांच्या अक्षरांतून उमटतात.

फ्रान्समध्ये गीयोम आपोलिनेर यांनी शब्दांतून वस्तूंचे आकार घडवणाऱ्या कविता लिहिल्या. त्यांचा 'कालिग्राम' हा संग्रह १९१८ मध्ये निघाला. बर्लिनमध्ये राउल हाउसमान यांनी १९१८ च्या सुमारास केवळ अक्षरांच्या ओळींनी बनलेल्या भित्तिपत्र-कविता छापून घेतल्या. १९२२ मध्ये कुर्ट श्विटर्स आणि तेओ फान डूसबुर्ग यांनी दादावादी कार्यक्रमासाठी केलेले भित्तिपत्रक, तसेच १९२३ मध्ये पॅरिसमध्ये इलिया झ्दानेविच यांनी केलेली मांडणी ही या परंपरेतील महत्त्वाची उदाहरणे आहेत.

या काळातील कामांचा विचार करताना खिळ्यांच्या छपाईचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. शिशाचे खिळे चौकोनी ठोकळ्यांवर ओतलेले असत आणि ते लोखंडी चौकटीत घट्ट आवळून बसवल्याशिवाय छपाई होत नसे. सरळ ओळी आवळणे सोपे होते. तिरकी किंवा वर्तुळाकार ओळ बसवायची तर भोवतालच्या प्रत्येक पोकळीत लाकडाचे किंवा धातूचे तुकडे भरावे लागत, अन्यथा खिळे सुटून पडत. म्हणजे पान जितके विस्कळीत दिसे, तितकी त्यामागची जुळणी अधिक काटेकोर असावी लागे. जे जुळवणे अशक्य होते त्याचा हाताने काढलेला किंवा चिकटवून केलेला खर्डा छायाचित्रण करून ब्लॉकवर उतरवला जाई.

छायाजुळणी ते संगणक

खिळ्यांच्या जागी छायाजुळणी आणि घासून उमटवायची तयार अक्षरे आल्यानंतर हे बंधन सैल झाले. फ्रेंच संकल्पक रोबेर मासँ (१९२५–२०२०) यांनी यूजीन आयोनेस्को यांच्या 'ला कांतात्रिस शोव्ह' या नाटकाची १९६४ मध्ये केलेली पुस्तकरूप मांडणी या दृष्टीने महत्त्वाची मानली जाते. तिच्यात प्रत्येक पात्राला स्वतःचे अक्षरवळण आहे. पात्रांची हेन्री कोहेन यांनी काढलेली, तीव्र काळ्या-पांढऱ्यातील छायाचित्रे पानापानांवर वावरतात. सुरुवातीची पाने तुलनेने शांत आहेत. संवाद भांडणाकडे जाऊ लागतो तशी अक्षरे मोठी व तिरकी होतात आणि शेवटी एकमेकांवर कोसळतात. अनेक पानांवर हळूहळू चढत जाणारा हा गोंधळ नाटकाच्या काळाचे भान पुस्तकात आणतो. अक्षरे ताणल्यासारखी दिसावीत म्हणून मासँ यांनी ती पातळ रबरावर उमटवून, रबर ताणून त्याची छायाचित्रे घेण्याचा प्रयोगही केला होता.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वोल्फगांग वाइनगार्ट यांनी १९६८ पासून केलेल्या अध्यापनातून स्विस शैलीच्या शिस्तीला आतूनच आव्हान दिले गेले. मांडणीच्या पारदर्शक फिल्म एकमेकींवर ठेवून नवीन रचना शोधण्याची त्यांची पद्धत पुढे बरीच अनुसरली गेली. १९८४ मध्ये मॅकिंटॉश संगणक आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत 'एमिग्रे' हे नियतकालिक सुरू झाले. १९९२ ते १९९५ या काळात 'रे गन' या संगीतविषयक मासिकाचे कलादिग्दर्शन करणारे डेव्हिड कार्सन हे विस्कळीत मांडणीचे सर्वांत परिचित नाव ठरले. गायक ब्रायन फेरी यांच्याविषयीचा एक कंटाळवाणा वाटलेला लेख त्यांनी अक्षरांऐवजी चिन्हे असलेल्या 'झाप्फ डिंगबॅट्स' या फाँटमध्ये छापला. तो लेख वाचणे अर्थातच अशक्य होते.

खर्ड्यांची प्रक्रिया

विस्कळीत मांडणी घडवण्याची एकच ठरलेली पद्धत नाही. तरीही संकल्पकांच्या कामात आणि कलाशिक्षणात पुढील टप्पे सामान्यतः आढळतात.

वाचन व खुणा: मजकूर मोठ्याने वाचून आघात, विराम, पुनरुक्ती आणि आवाजाचे चढउतार यांच्या खुणा केल्या जातात. मांडणीत काय मोठे होणार आणि कोठे जागा सुटणार, याचा पाया येथे घातला जातो.

लहान रेखाटने: पेन्सिलीने, बोटभर आकाराच्या चौकटीत, अनेक रचना काढल्या जातात. इतक्या लहान आकारात अक्षरे वाचता येत नाहीत. त्यामुळे लक्ष फक्त काळ्या-पांढऱ्याच्या वाटणीकडे राहते.

एकवळणी खर्डा: एकच फाँट आणि एकच आकार घेऊन फक्त जागा व अंतर यांवर काम केले जाते. या टप्प्यावर रचनेत जीव नसेल तर नंतर फाँटची संख्या वाढवून तो येत नाही, असा अनुभव आहे.

भेदाचा खर्डा: आकार, जाडी आणि दिशा यांतील फरक आणले जातात. फरक थोडा असेल तर तो चुकीसारखा दिसतो. दोन अंशांनी कललेली ओळ निष्काळजीपणा वाटते, वीस अंशांनी कललेली ओळ हेतुपूर्वक वाटते.

मोडतोडीचा खर्डा: कागद फाडणे, चुरगळून पुन्हा सपाट करणे, छायाप्रत काढताना मूळ कागद सरकवणे, रबरी शिक्के वापरणे, अक्षरे कापून पुन्हा चिकटवणे अशा हाताच्या कृतींमधून अनपेक्षित आकार मिळवले जातात. या टप्प्यात योगायोगाला मोकळे सोडलेले असते.

वजावट: मिळालेल्यातून निवड करून उरलेले काढून टाकले जाते. खर्डा लांबून पाहणे, उलटा धरून पाहणे, लहान करून पाहणे आणि मजकुराशी परिचय नसलेल्या व्यक्तीला वाचायला देणे, या येथील नेहमीच्या चाचण्या आहेत.

मुद्रित: प्रत्यक्ष कागदावर व प्रत्यक्ष आकारात छापून पाहिले जाते. जोडपानाच्या घडीत गडप होणारी अक्षरे, छाटणीत जाणाऱ्या कडा आणि शाई पसरल्याने बुजणाऱ्या पोकळ्या पडद्यावर कळत नाहीत.

हे टप्पे नेहमी याच क्रमाने येतात असे नाही. वजावटीनंतर पुन्हा रेखाटनांकडे जावे लागणे ही सामान्य गोष्ट आहे.

एक उदाहरण

खर्ड्यांगणिक काय बदलते हे समजण्यासाठी 'गर्दी' या एकाच शब्दावर आधारलेल्या भित्तिपत्रकाचा विचार करता येईल. त्यावर कार्यक्रमाची तारीख, वेळ व स्थळ हेही द्यायचे आहे, असे समजू.

पहिल्या खर्ड्यात हा शब्द संपूर्ण पानभर शंभर वेळा छापला, तर दिसायला तो भिंतीवरच्या नक्षीच्या कागदासारखा होतो. सर्वत्र सारखीच दाटी असल्यामुळे दाब जाणवत नाही. दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येक शब्दाचा आकार, फाँट आणि कोन वेगळा केला तर गोंगाट वाढतो, पण गर्दीचा अनुभव येत नाही. सगळेच मोठ्याने बोलत असल्याने कोणाचेच ऐकू येत नाही, अशी ती स्थिती असते. तिसऱ्या खर्ड्यात सर्व शब्द पानाच्या एका तृतीयांश भागात ढकलून उरलेले पान कोरे ठेवले, की प्रथमच दाब निर्माण होतो. मोकळी जागा समोर असतानाही अक्षरे एकमेकांना चेंगरत आहेत, हे दिसू लागते. म्हणजे गर्दी दाखवण्यासाठी लागणारा घटक गर्दीत नसून कोऱ्या जागेत होता.

चौथ्या खर्ड्यात सर्व शब्दांना एकच अखंड शिरोरेषा दिली जाते. लोकलच्या डब्यातील दांड्याला प्रवासी लोंबकळावेत तशी अक्षरे तिला धरून राहतात. खाली ती एकमेकांत घुसतात, वर रफार आणि वेलांटी जागेसाठी धडपडतात, पण रेषा सरळ असल्यामुळे शब्द वाचता येतो. राखलेले सूत्र ते हेच. पाचव्या खर्ड्यात कडेचे एक अक्षर रेषेवरून सुटून कागदाबाहेर अर्धे जाते, आणि तारीख व स्थळ कोऱ्या भागात लहान, सरळ अक्षरांत बसवले जाते. गोंधळ शब्दापुरता राहतो आणि माहिती शांतपणे मिळते. अंतिम खर्ड्यात दुसऱ्या खर्ड्यापेक्षा कितीतरी कमी घटक आहेत, तरीही तो अधिक विस्कळीत भासतो.

खर्डे जपण्याची गरज

कागदावरच्या कामात प्रत्येक खर्डा आपोआप शिल्लक राहतो. संगणकावर मात्र नवीन बदल जुन्या रूपावरच साठवला जातो. म्हणून प्रत्येक टप्प्याची प्रत क्रमांक देऊन वेगळी ठेवण्याची सवय लावली जाते. त्याचा व्यावहारिक उपयोग असा की, मोडतोड हाताबाहेर गेल्यास मागच्या टप्प्यावर परतता येते. शिवाय नाकारलेल्या खर्ड्यातील एखादा तुकडा पुढे उपयोगी पडतो.

देवनागरीतील विशेष प्रश्न

अभिव्यक्तिपर मांडणीची बहुतेक तंत्रे रोमन लिपीत विकसित झाली. देवनागरीत ती जशीच्या तशी लागू पडत नाहीत. रोमन अक्षरे सुटी असल्याने त्यांच्यातील अंतर वाढवून शब्द पानभर पसरवता येतो. देवनागरीत असे केल्यास शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा एकसंधपणा जातो. 'ख' या अक्षराचे दोन भाग किंचित दूर गेले तर ते 'रव' असे वाचले जाते. 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावरची रेषा डावीकडे तुटलेली असते. सजावटीसाठी सरसकट जाड रेषा ओढल्यास 'धर' चे 'घर' आणि 'भात' चे 'मात' होण्याचा धोका असतो. वरचा भाग कापल्यास मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार नाहीसे होऊन शब्दच बदलतो. 'मोर' चा 'मार' होतो. त्यामुळे देवनागरी अक्षर कोठे तोडायचे याचा निर्णय केवळ डोळ्याला काय बरे दिसते यावर घेता येत नाही.

संगणकावर आणखी एक अडचण येते. युनिकोडमध्ये 'कि' हे 'क' आणि ऱ्हस्व वेलांटी अशा क्रमाने साठवले जाते, पण दिसताना वेलांटी आधी येते. अशी जोडी फोडून वेलांटी एकटी ठेवल्यास तिच्याजवळ ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. म्हणून मोडतोड करण्यापूर्वी अक्षरांचे रेखाकृतीत रूपांतर करून घ्यावे लागते. त्यानंतर मजकूर संगणकाच्या दृष्टीने मजकूर राहत नाही, त्यामुळे शुद्धलेखन आधीच तपासणे आवश्यक असते.

दुसऱ्या बाजूला, या लिपीत अभिव्यक्तीच्या स्वतंत्र शक्यताही आहेत. शिरोरेषा लाटेसारखी वळवता येते, जळती किंवा तुटलेली दाखवता येते. वेलांट्या, उकार व रफार शब्दाबाहेर लांबवता येतात. जोडाक्षरांत अक्षरे एकमेकांना मुळातच चिकटलेली असतात. मराठीत या शक्यतांचा शोध छापील पुस्तकांपेक्षा हस्तलिखित शीर्षकांत अधिक घेतला गेला. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या व चित्रपटांच्या नावांसाठी केलेल्या अक्षरलेखनात नाटकाचा स्वभाव अक्षरांच्या ठेवणीतून व्यक्त होतो. वृत्तपत्रांतील नाट्यजाहिरातींमधून ही अक्षरे घरोघरी पोहोचली. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी लिपीच्या दृश्य रूपाचा अभ्यास, अध्यापन आणि संगणकीय फाँटनिर्मिती या तिन्ही क्षेत्रांत काम केले. 'मंगल' हा सर्वपरिचित देवनागरी फाँट त्यांनीच संकल्पित केला होता. एक टाइप या मुंबईतील संस्थेच्या 'मोदक' या फाँटमध्ये अक्षरांची जाडी इतकी वाढवली आहे की आतल्या पोकळ्या केवळ बारीक रेषांच्या रूपात उरतात, तरीही अक्षर ओळखू येते.

सुवाच्यतेचा वाद

अभिव्यक्तिपर मांडणीवरील मुख्य आक्षेप सुवाच्यतेचा आहे. ब्रिटनमधील मुद्रणविषयक लेखिका बिअट्रिस वॉर्ड यांनी १९३० मध्ये दिलेल्या व्याख्यानात चांगल्या अक्षरमांडणीला पारदर्शक स्फटिकपात्राची उपमा दिली होती. पात्राकडे नव्हे तर आतल्या मद्याकडे लक्ष जावे, हा त्यांचा मुद्दा होता. १९९३ मध्ये अमेरिकन समीक्षक स्टीव्हन हेलर यांनी 'आय' या नियतकालिकातील लेखात तत्कालीन विस्कळीत मांडणीवर कुरूपतेचा पंथ अशी टीका केली आणि त्यावर दीर्घ वादविवाद झाला.

समर्थकांच्या मते सुवाच्यता हा अक्षराचा अंगभूत गुण नसून बराचसा सवयीचा भाग आहे. 'एमिग्रे'च्या फाँटनिर्मात्या झुझाना लिच्को यांनी, वाचक जे सर्वाधिक वाचतो तेच त्याला सर्वांत चांगले वाचता येते, अशा आशयाची भूमिका मांडली. वाचायला घेतलेला वेळ वाया जात नसून तो अनुभवाचाच भाग असतो, असाही युक्तिवाद केला जातो.

मात्र हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. औषधांच्या वेष्टनावरील सूचना, मतपत्रिका, रस्त्यांवरील फलक किंवा शासकीय अर्ज यांत वाचण्यास झालेला विलंब हानिकारक ठरू शकतो. मंददृष्टी असलेल्या किंवा वाचनाक्षमता असलेल्या व्यक्तींना आच्छादित व तुटलेली अक्षरे वाचणे अधिक कठीण जाते, आणि चित्ररूप झालेला मजकूर पडदावाचक प्रणालीला वाचता येत नाही. म्हणून अशा रचनेसोबत तोच मजकूर साध्या स्वरूपात उपलब्ध करून देण्याची शिफारस केली जाते. 'रे गन'मधील चिन्हांत छापलेला लेखही त्याच अंकाच्या शेवटी वाचता येईल अशा अक्षरांत पुन्हा दिला होता.

शिक्षणातील उपयोग

कलाशाळांमध्ये एखादा शब्द किंवा छोटा उतारा घेऊन केवळ काळ्या रंगात व एकाच फाँटमध्ये त्याचा अर्थ मांडण्याचा स्वाध्याय दिला जातो. विद्यार्थ्याने शब्दाचे चित्र काढणे, उदाहरणार्थ 'पाऊस' या शब्दातून थेंब टपकताना दाखवणे, हे प्राथमिक उत्तर समजले जाते. त्याच्या पुढच्या खर्ड्यांत बाहेरून आणलेले चित्र काढून टाकून अक्षरांची जागा, वजन आणि अंतर यांतूनच परिणाम साधण्याची अपेक्षा असते. मूल्यमापनात अंतिम रचनेबरोबर खर्ड्यांची मालिकाही तपासली जाते, कारण रचनेतील गोंधळ निवडलेला आहे की उरलेला आहे, हे त्या मालिकेतूनच कळते.

हे सुद्धा पहा

मुद्राक्षरकला
सुलेखन
देवनागरी
भविष्यवाद
दादावाद
स्तेफान मालार्मे
कमल शेडगे
र. कृ. जोशी